प्रतिसाद: गायतोंडे यांची चित्रे संख्येने कमी का?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांची संख्या कमी असण्याचे कारण त्यांचा एकांतप्रिय स्वभाव, असे जे मत मांडले गेले आहे, ते मला अपुरे वाटते. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवण्याची बोथट सुरी) वापरून रंगाचा एक थर द्यायचा, तो अंशतः खरवडून त्यावर दुसरा चढवायचा आणि आतून प्रकाश झिरपल्याचा भास होईपर्यंत थांबायचे, ही त्यांची रीतच वेळखाऊ होती. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले खरे, पण झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाच्या विचारांची ओढ त्याआधीचीच होती. १९८४च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ थांबले आणि कागदावरची छोटी शाईची रेखाटने आली. या रेखाटनांकडे समीक्षकांनी, माझ्या मते, फारच कमी लक्ष दिले आहे.