बाळ रात्री खाली ठेवलं की लगेच जागं होतं, काय करू?

बाळ अडीच महिन्यांचं आहे, मांडीवर गाढ झोपतं पण गादीवर ठेवलं की दोन मिनिटांत डोळे टक्क उघडे. आई म्हणते पोटावर झोपव, मोहरीची उशी दे, तुम्हाला तसंच वाढवलंय. काल पहाटे ३ ला सोफ्यावर पाजताना माझाच डोळा लागला, बाळ कुशीत घसरलं होतं, खूप घाबरलेय.

➤ अगं पोटावर नको, कुशीवरही नको, वर्षाचं होईपर्यंत पाठीवरच. अमेरिकेत १९९४ पासून हे घरोघरी सांगायला लागले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. उशी कुठलीच नको, मोहरीचीसुद्धा. डोकं चपटं होईल वाटत असेल तर जागेपणी तुझ्यासमोर पोटावर ठेव.

➤ सोफ्यावर डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं गं, रात्रीची एक पाळी नवऱ्याला दे. बाळ तुमच्याच खोलीत पण वेगळ्या, कडक सपाट गादीवर, त्यात गोधडी खेळणी काही नको. ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, शेवटी डोकं, आणि छातीवरचा हात लगेच काढू नकोस, तीच अंगाई हळू आवाजात चालू ठेव.

➤ दुपट्यात गुंडाळत असशील तर वळायची खटपट सुरू झाली की बंद कर. आणि खोलीत धुरी नको.

➤ आज पाय आधी ठेवून बघितलं, ४० मिनिटं झोपलं! आईला उशीचं सांगितलंय, रुसलीय थोडी.