सुदानचे पिरॅमिड म्हणजे इजिप्तची कॉपी? मला नाही पटत

चहाबाज:
काल परत कोणीतरी ऐकवलं, आफ्रिकेत इजिप्त सोडलं तर प्राचीन असं काही नाहीच. अरे बाबा, सुदानमध्ये 200 च्या वर पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त! कुशच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन राज्याच्या, राजाराण्यांचे. आणि त्याच्याही आधीचं केर्मा, इ.स.पू. 2500 च्या आसपास वसलेलं शहर, तिथली डेफुफा, म्हणजे कच्च्या विटांची देवळासारखी प्रचंड इमारत, अजून पाच-सहा मजले उंच उभी आहे. पुढे इ.स.पू. आठव्या शतकात कुशच्या पिये राजाने इजिप्तच जिंकलं. हे शाळेत कुणी शिकवलं का?

रानवारा:
जिंकलं, मान्य. पण जिंकून केलं काय? देव इजिप्तचाच अमून, बिरुदं फॅरोची, शिलालेख इजिप्शियन लिपीत. इजिप्तच्या राजांनी पिरॅमिड बांधणं सोडून आठशे वर्षं होत आली आणि यांनी तेव्हा सुरू केले. कॉपी नाही तर काय म्हणू?

चहाबाज:
मग ग्रीकांचे देव उचलले म्हणून रोमन पण कॉपीच का? केर्माचे राजे गोल मातीच्या ढिगाऱ्याखाली पुरलेत, एकेका थडग्यापुढे गाईबैलांच्या शेकडो, काही ठिकाणी तर हजारो कवट्या मांडलेल्या. हे इजिप्तमध्ये दाखव. आणि गंमत बघ, 1913 च्या सुमारास राइस्नर नावाच्या अमेरिकनाने हीच थडगी खणली आणि ठरवून मोकळा झाला की ही इजिप्शियन सुभेदारांची! तुझ्या ‘कॉपी’ म्हणण्याचं मूळ तिथे आहे.

पिंपळपार:
मधेच बोलतो. कुशची अमानिरेनास राणी राहिलीच की. इ.स.पू. 25 च्या सुमारास रोमनांशी भिडली. ऑगस्टसच्या पुतळ्याचं ब्राँझचं डोकं मेरोईत, म्हणजे कुशच्या राजधानीत, देवळाच्या पायरीखाली पुरलेलं सापडलं, म्हणजे येणारा जाणारा त्याच्यावर पाय देऊनच आत जायचा 😀 आणि शेवटी तह झाला तेव्हा ऑगस्टसने खंडणीही माफ केली.

रानवारा:
राणी भारीच. पण लढाई वेगळी, संस्कृती वेगळी.

चहाबाज:
बरं, संस्कृती घे. सिंहाच्या तोंडाचा अपेडेमाक, हा देव त्यांचा स्वतःचा. मेरोईटिक लिपी पण स्वतःची, 23 अक्षरं. वाचता येतात पण भाषा फारशी कळत नाही, म्हणून आपण कुशबद्दल जे ऐकतो त्यातलं बरंचसं शत्रूच्या तोंडून. इजिप्शियन लेखांत तर नावच ‘नीच कुश’.

रानवारा:
अपेडेमाक दिला तुला. पिरॅमिड नाही देणार.

चहाबाज:
गिझाचा उतार 52 अंशाला टेकलेला, मेरोईचे 70 च्या आसपास, एकदम टोकदार. बघ तरी नीट.

रानवारा:
तसले छोटे टोकदार पिरॅमिड इजिप्तमध्ये कारागिरांच्या थडग्यांवर होतेच की, देर अल-मदिनाला. आता बोल.