बंब आणि चुलीसाठी टेम्पोभर लाकूड: काय घ्यावं?

आगोटवाला
चिपळूणजवळच्या घरात पाणी तापवायचा बंब रोज आणि चूल अधूनमधून पेटते. वखारीत डिसेंबरात ओला माल किलोवर मिळतोय: ऐन, ऑस्ट्रेलियन बाभूळ, आंबा, काजू, सगळं मिसळून. आगोटीपर्यंत, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत, वाळेल का? काय निवडावं?

ढलपी
ओलं असेल तर किलोवर घेऊच नका, टेम्पोवर भाव ठरवा. १०० किलोत ४५ किलो पाणी असेल, तर ओल २० टक्क्यांवर येईपर्यंत हातात जेमतेम ६९ किलो उरतं. शिवाय ती ओल जाळताना उष्णता खाते आणि वर धूर देते. कोरडं झाल्यावर किलोमागे सगळ्या लाकडांची धग जवळजवळ सारखीच. फरक घनतेचा: ऐन किंवा बाभळीची एक ढलपी आंब्याच्या तेवढ्याच ढलपीपेक्षा जास्त वेळ जळते आणि निखारा धरते. बंबाला ही दोन, चूल पेटवायला आंबा. सावर, पांगारा, शेवगा फुकट मिळाले तरी नको.

वाळेल, पण फोडलंत तर. सालीतून ओल फार हळू निघते, कापलेल्या तोंडातून भराभर. म्हणून हातभर तुकडे करून मनगटाएवढ्या ढलप्या आल्या आल्याच फोडा. ऐनाचे जाड ओंडके तसेच ठेवलेत तर मे महिन्यातही आत ओले सापडतील.

फुंकणी
वाळलंय का, हे साल बघून ठरवू नका. एक ढलपी मधोमध फोडून ताज्या बाजूला हात लावा, गार-दमट लागली तर थांबा. दोन तुकडे आपटल्यावर टणटण वाजले पाहिजेत, ओलं लाकूड बद्द वाजतं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे चार ढलप्यांवर खडूने वजन लिहा आणि दर पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की झालं.

रचताना खाली दगड किंवा फाटे घालून वीतभर उचल द्या, नाहीतर वाळवी लागते. भिंतीपासून फूटभर लांब. पावसात फक्त वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. चहूकडून प्लास्टिक गुंडाळलं की आत घाम धरून बुरशी येते. आणि रास दारापासून दूर. फुरसं (विषारी साप) आणि विंचू यांना ही जागा फार आवडते, त्यामुळे लाकूड वरून काढा, फटीत हात घालू नका.

तांब्याचा बंब
बंबाबद्दल राहिलं. आधी पाणी, मग जाळ. रिकामा तापला तर सांधे उकलतात. मधल्या नळीत ढलप्या ठासू नका, खालून हवा लागली नाही की नुसता धूर. ओल्या लाकडाने नळीत डांबरासारखी चिकट काजळी धरते, ती खरवडून काढत राहा. करवंट्या पेटवायला उत्तम.

बिब्बा आणि कण्हेर वखारीच्या मिसळीतून वेगळे काढा. बिब्ब्याच्या चिकाने आणि धुराने अंगावर फोड येतात, कण्हेर विषारी आहे. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्याही नकोत. बांबू जाळणार असाल तर उभा चिरून, नाहीतर पेरं फुटून निखारे उडतात.

ढलपी
स्वतःच्या आवारातलं झाड तोडणार असाल तर आधी परवानगी बघा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ आहेत.