हरित फंडांच्या प्रमुखांमध्ये फील्डवर्क: भेट मिळाली, हाती काही लागलं नाही

दुसरं_वर्ष: पीएचडीसाठी शाश्वत गुंतवणुकीचे निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांची एथ्नोग्राफी (म्हणजे त्यांच्यात वावरून, पाहून-ऐकून केलेला अभ्यास) करते आहे. आठ महिने मेल पाठवल्यावर एका फंडाच्या प्रमुख बाईंनी पाऊण तास दिला. शेजारी जनसंपर्क अधिकारी. मी विचारलं, "हरित म्हणून आलेला प्रस्ताव तुम्ही शेवटचा कधी नाकारलात?" त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वार्षिक अहवालातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शिवाय लेखन छापण्याआधी त्यांना दाखवायचं, ही अट मी मान्य करून बसले आहे. पुढे काय करू? खरंच हवालदिल झाले आहे.

टिपणवाला: त्यांनी आधी कोणाकडे पाहिलं, हीच तुमची पहिली नोंद. आजच लिहून ठेवा, उद्या पुसट होईल.

जुनी_वही: एकाच दारावर किती दिवस थांबणार? मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी १९७२ मध्ये सत्तावानांचा अभ्यास करा असं सांगितलं, तेव्हाच प्रवेशाची अडचणही मांडली होती आणि कागदपत्रांकडे बोट दाखवलं होतं. युरोपीय संघाचा प्रकटीकरणाचा नियम घ्या, म्हणजे फंड किती शाश्वत आहे हे जाहीर करायला लावणारा. तो १० मार्च २०२१ पासून लागू झाला. आपला फंड कलम ८ मध्ये (पर्यावरणीय किंवा सामाजिक बाबी पुढे करणारा) बसतो की अधिक कडक कलम ९ मध्ये (शाश्वत गुंतवणूक हेच उद्दिष्ट असलेला), हे फंडवालेच ठरवतात. २०२२ च्या अखेरीस कितीतरी फंड ९ वरून ८ वर उतरवले गेले. तो निर्णय कोणत्या टेबलावर झाला, हे प्रमुखांना नका विचारू; तक्ते भरणाऱ्या विश्लेषकांना विचारा. त्यांना सांगायचं असतं, विचारायलाच कोणी जात नाही. मी अशाच एका बैठकीत मागच्या खुर्चीवर बसले होते. मसुद्यात होतं, "कोळसा कंपन्या वगळू." वकिलाने पेन्सिलीने केलं, "वगळण्याचा प्रयत्न करू." त्यावर वीस मिनिटं खल झाला आणि कार्बनचा आकडा एकदाही निघाला नाही. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या पेन्सिलीवर उभं आहे.

टिपणवाला: अटीबद्दल: तपशिलातल्या चुका त्यांनी सुधाराव्यात, विश्लेषणाला हात लावायचा नाही, असं आताच लेखी कळवा. आणि हे वर्तुळ फार लहान आहे, नाव बदलून कोणी लपत नाही. तुमच्या प्रश्नातला 'बाई' शब्द आधी काढा.

दुसरं_वर्ष: काढायला गेले, पण संपादनाची मुदत संपली आहे. या मंचाच्या व्यवस्थापकांना आत्ताच कळवलं.