आईसाठी मोठ्या बटणांचा तारेचा फोन: कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

रानजाई (धागालेखिका)

नमस्कार. माझी आई चिपळूणजवळच्या गावी एकटी राहते. वय ८३, स्वभावाने खमकी. मात्र मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही दृष्टिपटलाच्या दुखण्यामुळे तिला बारीक अक्षर दिसत नाही, बोटांचे सांधे धरलेले असतात आणि उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे. स्मार्टफोन दोनदा देऊन पाहिला. आलेला फोन घेण्यासाठी पडद्यावर बोट सरकवायचे असते, हे काही तिच्या पचनी पडत नाही. ती ते हिरवे वर्तुळ दारावरच्या घंटीसारखे दाबून धरते आणि इकडे माझ्या कानात रिंग वाजतच राहते. साधा बटणांचा मोबाइल दिला, तर तो कधी चार्जिंगअभावी बंद, तर कधी मागच्या पडवीत लाकडांच्या चवडीवर विसरलेला. शेवटी तीच म्हणाली, "मला जागचा हलणार नाही असा फोन दे."

आमच्याकडे पूर्वी तांब्याच्या तारेवरचा फोन होता; ती लाइन केव्हाच मेली. गेल्या वर्षी भावाने फायबरची जोडणी घेतली असून त्या मोडेमला फोन लावता येतो, असे बसवणारा मुलगा सांगून गेला होता. तर मोठ्या बटणांचा, तारेचा संच घेताना काय पाहावे, तो या मोडेमवर चालेल का, आणि वीज गेल्यावर त्याचे काय होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे कोकणातल्या सदस्यांना सांगायला नको.

जुना जोडारी

टेलिफोनच्या जोडण्या करण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. संच निवडण्याआधी लाइन कुठून येते ते पाहावे, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ संचात नसतेच. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजकडूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा येत असे. त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन जिवंत राहायचा. फायबरमधून येतो तो प्रकाश. फोनला लागणारे व्होल्टेज आता तुमच्या घरातला मोडेमच तयार करतो आणि मोडेम बंद पडला की फोनही मुका होतो. म्हणून संचाइतकेच लक्ष मोडेमच्या छोट्या यूपीएसकडे द्यावे. बहुतेक मोडेम १२ व्होल्टवर चालतात. तरीही अडॅप्टरच्या पाठीवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच यूपीएस घ्यावा आणि त्याची पिन मोडेमच्या भोकात नीट बसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. घरी इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हलवला की काम झाले. अर्थात पलीकडच्या टोकाला कंपनीच्या यंत्राचीही वीज टिकायला हवी, त्याला आपला इलाज नाही.

मोडेमच्या मागे मोठी चौकोनी भोके असतात ती नेटची; त्यांच्या शेजारी 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असे लिहिलेले एखादे लहान भोक असते, ते आपले. फोनची अरुंद पिन नेटच्या भोकातही जाते, पण त्यातल्या कडेच्या तारा वाकवून ठेवते. त्यामुळे अंदाजाने खुपसू नये. पिन 'टक्' असा आवाज करून बसली पाहिजे. पिनेवरची इवलीशी जीभ तुटलेली असेल तर ती वायर लगेच बदलावी, कारण केर काढताना झाडू लागला तरी अशी पिन निसटते आणि मग 'फोन बंद आहे' म्हणून मुंबईहून शेजाऱ्यांना फोन जातात. संच लावूनही डायल टोन आला नाही, तर आधी कंपनीकडे चौकशी करावी: नेट चालू असले तरी आवाजाची सेवा वेगळी सुरू करून घ्यावी लागते, आणि फोनची दोन भोके असतील तर सहसा पहिलेच चालू केलेले असते.

आता संचाविषयी. बीटेल आणि पॅनासॉनिक यांचे तारेचे साधे संच मी पुष्कळ घरांत लावले आहेत आणि ते वर्षानुवर्षे चाललेले पाहिले आहेत; मोठ्या बटणांचा नमुना दोघांपैकी ज्याचा मिळेल तो घ्यावा, मात्र चित्रावर न जाता हातात धरून पाहावा. बटण दाबल्याचे बोटाला कळले पाहिजे, पाचच्या बटणावर उंचवटा हवा, आणि आकडा बटणाच्या मध्यावर ठळक हवा. पांढऱ्या बटणावर करड्या रंगाचा आकडा देखणा दिसतो, पण अशा डोळ्यांना तो निरुपयोगी. उजेडाची छोटी खिडकी, आलेल्या क्रमांकांची यादी, घड्याळ वगैरे असलेल्या संचांना बहुधा पेन्सिल सेल लागतात. ते वर्षानुवर्षे आत राहून गळतात आणि आतले पत्रे हिरवे पडतात. आई ती खिडकी वाचू शकणार नसेल, तर त्या संचाच्या वाटेला जाऊच नये.

सांजवात

वरील प्रतिसादाशी सहमत. कानाबद्दल थोडी भर घालते, कारण माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही बटणांचा आकार पाहून संच घेतला आणि रिंगच ऐकू येईना म्हणून महिन्याभरात तो बदलला. वाढत्या वयात बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे नव्या संचांची चिमणीसारखी चिवचिवती रिंग कितीही मोठी केली तरी उपयोगी पडत नाही. खर्जातली रिंग असलेला, आणि रिंग होताना ठळक दिवा लुकलुकणारा संच शोधावा. रिसीव्हरमधला आवाज वाढवण्याची चकती किंवा पट्टी संचाच्या दर्शनी भागावर असावी. काही संचांत ती फोन ठेवला की मूळ जागी जाते, म्हणजे दर वेळी पुन्हा वाढवावी लागते, हेही विचारून घ्यावे.

आईंचे यंत्र कानामागे बसणारे असेल, तर रिसीव्हर कानाच्या भोकावर दाबून धरल्यास शिट्टी वाजते. यंत्राचा माइक कानाच्या वरच्या बाजूला मागे असतो, तेव्हा रिसीव्हर थोडा वर आणि मागे सरकवून, न दाबता धरायला शिकवावे. यंत्रात 'टी' अशी सोय असेल आणि फोनही श्रवणयंत्राला जुळणारा असेल, तर आवाज चुंबकीय मार्गाने थेट यंत्रात येतो आणि आजूबाजूचा गलबला त्यात मिसळत नाही. नाहीतर सरळ डाव्या कानाला फोन लावावा! आमच्याकडे तोच उपाय शेवटी चालला.

नांगरट

मी वेगळे सुचवतो. सिम कार्ड घालून चालणारे टेबलावरचे फोन मिळतात. दिसायला हुबेहूब घरच्या फोनसारखे, रिसीव्हर वायरीचा, बटणे मोठी आणि आत बॅटरी. मोडेम नको, यूपीएस नको. माझ्या काकांकडे शेतघरावर असा फोन व्यवस्थित चालू आहे. फक्त घेताना तो ४जी व्होल्टीचा, म्हणजे ४जी जाळ्यावरूनच बोलता येणारा आहे ना, हे पाहावे. निव्वळ २जीचा स्वस्त संच घेतला तर त्यात जिओचे सिम चालणार नाही, कारण त्या कंपनीचे २जी जाळेच नाही.

रानजाई

सर्वांचे आभार. सिमचा फोन हा चांगला पर्याय आहे, पण आमचे घर वहाळाच्या खोलगट भागात आहे आणि मोबाइलची रेंज अंगणातल्या पेरूच्या झाडाखालीच मिळते. तिथे टेबल मांडता येणार नाही. त्यामुळे मोडेमवरच संच लावायचे ठरवले. काळा संच, पांढरी मोठी बटणे, त्यांवर काळे आकडे, आणि वर फोटो लावता येतील अशी तीन बटणे असलेला फोन आणला. सेल लागत नाहीत. यूपीएसही आणला.

शनिवारी जाऊन बसवला. डायल टोन आला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तिथेच गाडी अडली. कोणतेही बटण दाबले की नुसते 'टक टक टक' ऐकू येई आणि डायल टोन जाईच ना. बराच वेळ झटापट केल्यावर भावाने संच उलटा केला, तर तळाशी एक खटका 'पी'वर होता. तो 'टी'वर सरकवताच शेजारणीच्या घरचा नंबर लागला, म्हणजे तिच्या जुन्या लँडलाइनचा. मात्र माझा मोबाइल क्रमांक फोटोच्या बटणावर साठवला, तो काही लागत नाही. तोच क्रमांक भावाच्या मोबाइलवरून लागतो. काय चुकत असावे?

जुना जोडारी

क्रमांकाआधी शून्य लावले आहे का? १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावावे लागते. मोबाइलवरून मोबाइलला ते लागत नाही, म्हणून भावाच्या फोनवरून क्रमांक लागतो आणि इथे अडतो. तिन्ही बटणांवर शून्यासकट अकरा आकडे पुन्हा साठवावेत. बाहेरगावची लँडलाइन असेल तर तिथला कोड शून्यासकट हवाच: पुण्यासाठी ०२०, मुंबईसाठी ०२२.

खटक्याचा खुलासाही करून टाकतो. 'पी' म्हणजे पल्स, डायल फिरवण्याच्या काळातली पद्धत. आकडा सात असेल तर लाइन सात वेळा तोडून जोडायची. 'टी' म्हणजे टोन, प्रत्येक बटणाचा वेगळा दुहेरी सूर. पुष्कळ मोडेम पल्स ओळखतच नाहीत. खटका 'टी'वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. शेजारीच रिंगचा लहान-मोठा-बंद असा खटका असेल. संच पुसताना तो 'बंद'वर गेला की पुढचा आठवडा कोणाचाच फोन 'येत' नाही. त्यालाही पट्टी लावावी.

सांजवात

फोटोच्या बटणांवर ११२ किंवा १०८ मात्र साठवू नये, असे मला वाटते. आमच्याकडे नातवाने खेळता खेळता एकदा रुग्णवाहिकेला फोन लावला होता आणि सासूबाई बिचाऱ्या त्यांची माफी मागत बसल्या होत्या. पहिले बटण हाकेच्या अंतरावरच्या शेजाऱ्यांचे असावे. पडल्याझडल्यास पहिल्यांदा तेच पोहोचणार आहेत. ११२ आणि १०८ हे तीनच आकड्यांचे आहेत. जाड काळ्या पेनाने पुठ्ठ्यावर लिहून फोनच्या वर लावावेत. आणि फोटोंवर चकचकीत आवरण असेल तर खिडकीचा उजेड पडून चेहरा दिसत नाही, तेव्हा फोन खिडकीसमोर ठेवू नये.

रानजाई

शून्य लावले आणि लगेच लागला! आता जोडारीकाकांच्या कामाची आणखी एक तक्रार. बटण दाबताना टेबलावर संच मागे सरकतो, म्हणून भावाने तो झोपाळ्याजवळच्या भिंतीवर, आई बसली की हाताशी येईल इतक्या उंचीवर लावला. पण रिसीव्हर ठेवला की घसरून लोंबकळतो आणि लाइन अडून राहते. काल दुपारभर मला एंगेज टोनच येत होता.

जुना जोडारी

रिसीव्हरचा वरचा भाग जिथे टेकतो, तिथे खाचेत नखाएवढी प्लास्टिकची एक चकती असते. ती वर ओढून काढावी, उलटी फिरवावी आणि पुन्हा आत दाबावी. मग तिची चोच बाहेर येते आणि रिसीव्हर त्या चोचीला अडकून राहतो. टेबलावर ठेवायच्या संचात ती चोच मुद्दाम आत ठेवून पाठवतात. दुसरे म्हणजे गुंडाळीची वायर. आई बोलता बोलता रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेत असतील, तर वायरीला पीळ बसतो, ती आखूड होते आणि ठेवलेला रिसीव्हर खाली खेचते. महिन्यातून एकदा रिसीव्हर हातातून सोडून वायरीवर मोकळा लोंबकळू द्यावा. तो स्वतःभोवती गरगर फिरून पीळ सोडवतो.

रानजाई

चकती सापडली. भाऊ ती केरात टाकणार होता, कारण त्याला ती पॅकिंगचा तुकडा वाटली. रिसीव्हर आता घट्ट बसतो. पीळ सोडवण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. आज सकाळी तिसऱ्या बटणावरून तिचा फोन आला, तो रिसीव्हर बावीस वेळा फिरला हे सांगायला.