मदत हवी आहे: ११ विरुद्ध ११, आता काय करू?

परळला आम्ही २२ जणी मिळून पोळीभाजी केंद्र चालवतो, नोंदणीकृत सहकारी संस्था आहे. पोळ्यांचं मशीन घ्यायचं का, यावर परवा सभेत ११-११ मतं पडली. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम २७ नुसार प्रत्येकीला एकच मत, शेअर कितीही असोत. समसमान झाली तर अध्यक्षांना निर्णायक मत. अध्यक्ष मीच, आली का पंचाईत! सभेत एक काकू कणकेचे हात तसेच वर करून म्हणाल्या, "मग आम्ही काय पिशव्या बांधायच्या?" तेव्हापासून माझं मत अडकलंय. तुमच्या संस्थेत असं झालं तेव्हा सर्वांच्या सहमतीने तोडगा कसा काढलात? महिनाभर मशीन भाड्याने आणून पुन्हा मतदान घेतलं तर चालेल का?