अनुभव धागा: मोठ्या शहरातलं आशियाई हॉटेल आणि आपली माणसं

काळीमाती
गणपती झाले, सोयाबीन शेंगांनी भरलं. काल धुऱ्यावर पुतणीनं हिरवी शेंग तोडली अन् विचारलं, "काकू, हे खातात का?" मले एकदम बाबांचं मुंबईचं जेवण आठवलं. ते लिहून टाकते, मग तुम्हीही लिहा. शिकायला-नोकरीला गेलेल्या लेकरांनी आपल्यापैकी कितीतरी जणांना अशा हॉटेलात नेलं असेल, जिथं जपानी, थाई, चिनी, कोरियन सगळं एकाच मेनूत असते.

लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारातलं हॉटेल. शनिवारची रात्र, दाराशी ही गर्दी. नाव-नंबर लिहून द्यायचा अन् मोबाईलवर मेसेज यायची वाट पाहायची. बाबा धोतर-टोपीत, हातात काठी, बाहेरच्या बाकड्यावर बसले. भावानं सांगितलं की इथं पहिले कापडाची गिरणी होती. बाबा वर चिमणीकडे पाहत म्हणाले, "मंग आपल्या कापसाच्या गाठी इथंच येत असतीन." १९७२ पासून सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत कापूस देऊन पैशाच्या चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने थांबलेला माणूस तो. त्याच्या मनात गिरणी म्हणजे काहीतरी फार मोठी, फार लांबची गोष्ट. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर किती गिरण्या बंद पडल्या हे त्यांना पेपरातून माहीत होतं, पण गिरणीची जागा पहिल्यांदाच पाहून राहिले होते.

आत कढयांतून जाळ वर उठत होता, आवाज एवढा की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सगळीकडे उंच स्टूल. वाढणाऱ्या पोरीनं बाबांची काठी पाहिली अन् न सांगता आम्हाला कोपऱ्यातला खाली बसायचा सोफा दिला. मग पहिली वाटी आली. वाफ निघणाऱ्या हिरव्या शेंगा, वरून जाडं मीठ. भाऊ म्हणाला, "एदामामे." बाबांनी नखानं शेंग फोडली, दाणा तळहातावर घेतला. "अरे, हे तं सोयाबीन हाय! आपण पेरलं, सोंगलं, इकलं. खाल्लं कधी?"

ती पोरगी हसली. मणिपूरची होती. हिंदीत म्हणाली, आमच्या घरीही सोयाबीन खातात, उकडून, पानात गुंडाळून उबेला ठेवतात, काही दिवसांनी तार सुटते. हवाइजार म्हणतात त्याला. बाबांनी लगेच विचारलं, जमीन किती, पाऊस कसा, डुकरं येतात का. एवढ्या गर्दीत ती उभी राहून सांगत होती. नंतरचे नूडल्स बाबांना आवडले की नाही ते मला आठवत नाही, पण वाटीत एक दाणा ठेवला नाही त्यांनी. विदर्भ एक्सप्रेसनं परत येताना बडनेऱ्यापर्यंत त्या पोरीच्या गावचंच बोलत होते.

त्या वाटीचे ३९० रुपये लावले होते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. भावानं बाबांना बिल दाखवलं नाही, अन् बरं केलं. मला त्या रात्री बाबांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. ते तिथं पाहुणे नव्हतेच. कापूसही त्यांचा गेला होता, सोयाबीनही.

अंबाडी
रडवलंत ताई. भाजी चुलीवर आहे, रात्री लिहिते.

भंडाऱ्याचा_भात
माझा अनुभव भाताचा. आम्ही धान लावणारे लोक, त्यामुळे ताटात भात आला की आधी तोच पाहतो. हैदराबादला मुलीनं सुशी मागवली. भाताचा गोळा, त्याभोवती काळं पान. ते पान समुद्री शेवाळाचं, नोरी. भात आखूड दाण्याचा, चिकट, अन् त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घातलेलं. मी विचार करत होतो की आपल्याकडे भात चिकट झाला तर घरात बोलणी बसतात, अन् इथं चिकटपणासाठीच वाण निवडतात! मग लक्षात आलं, काड्यांनी उचलायचा म्हणजे तो धरून राहायलाच पाहिजे. आमच्या चिन्नोर तांदळाचा भात काड्यांनी उचलून दाखवा बरं. पण वासात चिन्नोरला तोड नाही, हे तिथंच मुलीला सांगितलं.
एक सांगतो, सगळी सुशी कच्च्या मासळीची नसते. काकडीची, गाजराची पण मिळते. घाबरू नका.

कापूसवाली
मासळीवरून आठवलं. आमच्या सासूबाई माळकरी. पुण्याला नातवानं हौसेनं थाई करी मागवली, भाज्यांचीच. मी आधी विचारून घेतलं म्हणून बरं, मसाल्यात वाळक्या कोळंबीची पेस्ट अन् फिश सॉस असते बऱ्याच ठिकाणी. भाज्यांच्या नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस असू शकते. आचाऱ्यानं आमच्यासाठी वेगळं करून दिलं, मीठ अन् सोया सॉस घालून. सासूबाईंना गवती चहाचा वास ओळखू आला, म्हणे "हे तं आपल्या परसातलं हाय." दोनदा मागून घेतलं. तेव्हा घरी कोणी माळकरी असलं तर नुसतं "व्हेज आहे का" विचारू नका, नाव घेऊन विचारा.

रानवाटा
बांबूचे कोंब!! थाई करीत पांढरे काप असतात ना, तेच. आमच्या गडचिरोलीकडे पावसाळ्यात वास्ते खातात. बंगळुरूला माझ्या मित्राच्या ताटातले डब्यातले होते, चव अगदी फिकी. ताज्याची मजाच और. पण ताजे कधीही कच्चे खाऊ नका, त्यात विषारी अंश असतो. काप करून भरपूर पाण्यात उकडायचे, ते पाणी फेकायचं, मग फोडणी. आमची आजी दोनदा पाणी बदलायची.
सात्यांचे (रानातल्या अळंब्यांचे) दिवस गेले का हो तुमच्याकडे?

भंडाऱ्याचा_भात
@रानवाटा गेले. यंदा दोनच वेळा मिळाल्या, त्याही शेजाऱ्यांनी दिल्या.

पूर्णाकाठ
माझा मुलगा अशाच हॉटेलात आत काम करतो. नाव लिहीत नाही. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट केलं. गावात लोक विचारत, पोरगा स्वयंपाक करतो काय. सुरुवातीला कांदे-लसूण सोलणं अन् भांडी, आता कढईवर उभा राहतो. त्या कढईचा जाळ आपल्या गॅससारखा नसतो, फार मोठा असतो, भाजी एक-दोन मिनिटांत होते. म्हणून सगळं आधीच चिरून, वाटून, मोजून मांडून ठेवावं लागते. शनिवार-रविवारी बारा तास उभा असतो. हातावर भाजल्याच्या खुणा आहेत. आम्ही गेलो तेव्हा काचेपलीकडून त्याला पाहिलं. एका वेळी चार ऑर्डरी, कोणाशी बोलणं नाही, नुसते हात चालू. त्याची आई काचेला टेकूनच उभी राहिली. आम्हाला त्यानं स्वतःच्या हातचा फ्राईड राईस पाठवला, आमच्याकडच्या मिरचीचा ठेचा घालून. मेनूत ते नव्हतं. त्यांचं स्वतःचं जेवण दुपारी साडेतीनला, सगळे मिळून वरण-भात.
तुम्ही लोक गेलात तर आत उभ्या असलेल्या पोरांसाठी एक चांगला शब्द नक्की पाठवा. पोचतो तो.

अंबाडी
आले. @पूर्णाकाठ भाऊ, तुमच्या लेकाला माझा आशीर्वाद सांगा. काचेला टेकलेल्या वहिनी डोळ्यासमोर आल्या.
आमचं वेगळंच झालं होतं. खाणं छान, वाफवलेले मोमोसारखे डिमसम, एकदम पातळ पारी, आतला मटार दिसत होता. पण बिलात जेवणाच्या रकमेवर दहा टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं. जावई देऊन टाकत होते. मुलगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती शांतपणे म्हणाली, हे काढा. काढलं बिचाऱ्यांनी. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ लाच सांगितलं आहे की हे शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, अन् मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करायचा. मग आम्ही वाढणाऱ्या मुलाच्या हातात वेगळे पैसे दिले, ते खुशीनं.

कापूसवाली
@अंबाडी ताई तुम्ही कारंज्याच्या का? बोलण्यावरून वाटलं.

अंबाडी
माहेर कारंजा! सासर मूर्तिजापूर. तुम्ही?

कापूसवाली
दर्यापूर. म्हणजे शेजारीच की. शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापुरात उतरायचो आम्ही लहानपणी, मामाकडे जायला.

काळीमाती
अगं ती गाडी! आमच्या दारव्ह्यातूनही जायची. कापसासाठीच टाकलेली लाईन. बाबा म्हणायचे, चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता यायचं. सुरू व्हायला पाहिजे ती.

जेएस_३३५
नाव सोयाबीनच्या वाणाचं आहे, त्यावरून समजलंच असेल, कृषी सेवा केंद्र आहे माझं. हॉटेलात मी गेलो नाही, जायची इच्छा आहे. पण पुतणीच्या प्रश्नावर लिहितोच. शेतातल्या शेंगा तोडून लगेच उकडू नका! चक्रीभुंगा अन् खोडमाशीसाठी आत्ताच फवारण्या झाल्यात सगळ्यांच्या. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वीचा कालावधी, म्हणजे फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असते, तो पाहा. खायच्याच असतील तर पुढच्या वर्षी परसात दोन ओळी वेगळ्या लावा, विनाफवारणीच्या. अन् कच्चा दाणा चावून खाऊ नका, त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उकडल्यानं जातो. मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं चांगल्या उकळा. टरफल खायचं नाही, दाणाच. एदामामेसाठी मोठ्या दाण्याचे वेगळे वाण असतात, आपला दाणा बारीक निघेल, पण चव लागते.

काळीमाती
बरं झालं दादा सांगितलं. आमच्याकडे परवाच फवारलं. पुतणीला तुरीच्या सोल्यांपर्यंत थांबायला सांगते.

रानवाटा
३९० रुपये एका वाटीला, अन् आपल्याला बाजार समितीत हमीभावही मिळत नाही. ओलावा जास्त म्हणून कापतात. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पूर्णाकाठ
@रानवाटा खरं आहे. पण त्या ३९० मधून जागेचं भाडं, पोरांचे पगार, गॅस पण जाते. माझं म्हणणं, प्रक्रिया आपल्या गावात का नाही? तेलाची गिरणी सोडली तर सोयाबीनचं आपण काय करतो?

अंबाडी
आमचा बचत गट करतो! सोया पनीर. हॉटेलात टोफू म्हणतात तेच. वाटीभर सोयाबीन रात्रभर भिजवायचं, साल चोळून काढायची, पाणी घालून बारीक वाटायचं, फडक्यातून गाळायचं. ते दूध चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, कच्चा वास जाईस्तोवर, ढवळत राहायचं, पटकन उतू जाते. मग फाडायचं अन् फडक्यात बांधून वर वजन. चोथा फेकू नका, थालिपीठात जातो. तालुक्याच्या शाळेत, वसतिगृहात देतो आम्ही.

कापूसवाली
फाडायला लिंबू चालते का? की काही आणावं लागते?

अंबाडी
चालते. लिंबाचा रस पाण्यात पातळ करून, गॅस बंद केल्यावर, थोडा थोडा घाला. हिरवट पाणी वेगळं झालं की थांबा. जास्त झालं तर आंबट लागते.

कापूसवाली
उद्या एकादशी आहे, परवा करते. सांगते कसं झालं ते.